आटोपशीर झुडूप कसे घडते

वैशाखात कोकणातल्या नदीकाठाने जाणाऱ्याला ताम्हण दाखवावा लागत नाही. जांभळ्या फुलांचे उभे तुरे अंगभर लेऊन तो आपण होऊनच दिसतो. महाराष्ट्राने त्याच्या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला आहे आणि तो योग्यच आहे. पण ताम्हण हा वृक्ष. शाळेच्या लहानशा आवारात किंवा घरापुढच्या अंगणात हौसेने लावला, तर काही वर्षांत तो कौलांच्या वर डोके काढतो. मग आपण म्हणतो, हेच फूल कमरेएवढ्या झुडपावर आले असते तर किती बरे झाले असते!

असे झुडूप मागून मिळत नाही; ते घडवावे लागते. कसे घडवतात, याची एक खरी हकिकत आज सांगणार आहे. ती आपल्या ताम्हणाची नाही, त्याच्या एका धाकट्या भावंडाची आहे. आपल्याकडच्या बागांतूनही हे भावंड दिसते. गुळगुळीत खोड, लहान पाने आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात गुलाबी, पांढरी किंवा जांभळट फुले. पाकळ्या सहा, आणि त्या अशा चुरगळलेल्या, की क्रेपच्या कापडाची झालर लावली आहे असे वाटावे. म्हणून इंग्रजीत त्याला क्रेप मर्टल म्हणतात. शास्त्रीय नाव लॅजरस्ट्रोमिया इंडिका. लॅजरस्ट्रोम हा स्वीडनमधला एक व्यापारी. त्याने पूर्वेकडच्या वनस्पती मिळवून दिल्या म्हणून लिनियसने त्याचे नाव या कुळाला दिले. 'इंडिका' या शब्दावर मात्र फार विसंबू नये. हे झुडूप मूळचे आपल्यापेक्षा चीनचेच अधिक.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ते अमेरिकेच्या दक्षिण भागात पोहोचले आणि तिथल्या उन्हात चांगले रुजले. परंतु लोकांच्या दोन तक्रारी होत्या. एक म्हणजे उंची. खिडकीखाली लावलेले झाड पंधरा-वीस फूट जायचे, मग दर हिवाळ्यात त्याचा शेंडा छाटायचा, आणि छाटल्या जागी खोडाला बोजड गाठी यायच्या. दुसरी तक्रार भुरीची. भुरी म्हणजे काय हे नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागाईतदारांना मी सांगायला नको. पानावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी येते, कोवळे शेंडे वाकडे होतात, कळ्या उमलत नाहीत. द्राक्षावर गंधक मारायला परवडते, कारण त्या घडाचे पैसे होतात. दारातल्या फुलझाडावर कोण आणि किती वेळा फवारणी करणार?

या दोन तक्रारींपैकी पहिलीचा उपाय सोपा वाटतो. क्रेप मर्टलमध्ये ठेंगणी रोपे पूर्वीपासून होतीच. पण भुरीने मरगळलेले ठेंगणे झाड हे भुरीने मरगळलेल्या उंच झाडापेक्षा बरे कसे म्हणायचे? उलट जमिनीजवळच्या दाट पानांत वारा खेळत नाही, त्यामुळे बुरशीला आयतेच घर मिळते. तेव्हा आधी रोगाला न जुमानणारे रक्त शोधणे भाग होते.

ते सापडले जपानात. जपानच्या दक्षिणेला याकुशिमा नावाचे एक डोंगराळ, अतोनात पावसाचे बेट आहे. तिथल्या रानात ताम्हणाचे आणखी एक भावंड वाढते, लॅजरस्ट्रोमिया फौरिई. १९५६ साली जॉन क्रीच या अमेरिकन शेतीखात्याच्या वनस्पतिसंग्राहकाने त्याचे बी गोळा करून आणले. हा क्रीच गमतीचा माणूस. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या कैदेत होता, आणि त्या छावणीतही भाजीपाला पिकवून त्याने बरोबरच्या कैद्यांच्या पोटाला आधार दिला होता. तर त्याने आणलेल्या या झाडाचे रूप पाहा. फुले लहान आणि पांढरी, उंची चांगल्या वृक्षाएवढी. बागवानाने ढुंकून पाहू नये असे. नाव घेण्याजोग्या गोष्टी दोन. साल पेरूच्या खोडासारखी सोलून तांबूस निघते, आणि भुरी त्याला सहसा लागत नाही. ठेंगणे झाड करायचे आणि त्यासाठी उंच झाडाशी सोयरीक जुळवायची, हे आपल्याला उफराटे वाटेल. पण निरोगीपणाचा गुण त्या घरात होता.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात डोनाल्ड एगोल्फ नावाचे शास्त्रज्ञ १९५८ पासून झुडपांच्या पैदाशीचे काम करीत होते. त्यांनी ही सोयरीक जुळवली.

संकर करणे म्हणजे प्रत्यक्षात काय, ते सांगतो. क्रेप मर्टलच्या एका फुलात सहा लांब पुंकेसर असतात आणि मध्यभागी सुमारे चाळीस आखूड, पिवळे. जे फूल आई व्हायचे, त्याची कळी उमलण्याआधीच उघडून हे सगळे पुंकेसर चिमट्याने काढायचे. एक राहिला तरी फूल स्वतःच्याच परागाने फळेल आणि आपली मेहनत फुकट. मग कळीवर पिशवी बांधायची, नाहीतर मधमाशी आपल्या आधी येऊन जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाच्या फुलातला पराग आणून कुक्षीवर लावायचा, पुन्हा पिशवी, आणि देठाला चिठ्ठी: आई कोण, बाप कोण, तारीख कोणती. चिठ्ठी हरवली की झाड अनाथ झाले समजा. काही महिन्यांनी बोंड वाळून उकलते व आतून पंख असलेले बारीक बी निघते.

पहिल्या पिढीतली झाडे साधारण दोघांच्या मधली निघाली. भुरी कमी, साल सुंदर, पण उंची भरपूर. त्यांतलेच निवडलेले पांढऱ्या फुलांचे 'नॅचेझ' हे वाण १९७८ मध्ये प्रसृत झाले आणि नावाजले. पण ते वीस फुटांच्या वर जाते. ते रस्त्याच्या कडेला शोभते. खिडकीखालच्या जागेचा प्रश्न तसाच राहिला.

इथे मेंडेलची आठवण केली पाहिजे. त्याने उंच वाटाणा आणि बुटका वाटाणा यांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळी रोपे उंच आली. बुटकेपणा कुठे गेला? तो गेला नव्हता, दडून बसला होता. पुढच्या पिढीत चार रोपांमागे एक बुटके निघाले. क्रेप मर्टलमध्ये हिशेब इतका सरळ नाही, कारण उंची एकाच जनुकावर ठरत नाही. तरी दडलेला गुण पुढच्या पिढ्यांत वर येतो हे खरे. म्हणून एगोल्फ यांनी संकरित झाडे पुन्हा आपसांत आणि चिनी जातीशी जुळवली. अशा कामात रोपे हजारांनी वाढतात. त्यांत कोणते निरोगी पण उंच, कोणते ठेंगणे पण भुरीने माखलेले, कोणते दोन्ही बाबतींत चांगले पण फुलांना कंजूष. एकेका रोपाची खरी उंची कळायला पाच-सात वर्षे थांबावे लागते. आणि मग बहुतेक सगळी उपटून टाकायची. माझ्या मते या धंद्यात सर्वांत कठीण काम हेच. लावणारे पुष्कळ भेटतात. आपणच वाढवलेले देखणे रोप, एकच खोड आहे म्हणून उपटणारा क्वचित.

आता 'आटोपशीर' म्हणजे काय, तेही नीट समजून घेऊ. उसाला जशी पेरे असतात तशी प्रत्येक फांदीला असतात. पेर आखूड झाले की तितकीच पाने थोड्या जागेत येतात आणि झाड आपोआप भरदार दिसते. शिवाय फांद्या बुडापासून फुटायला हव्यात, आणि क्रेप मर्टल नव्या फुटीवर फुलतो म्हणून प्रत्येक फुटीला तुरा यायला हवा. नुसते खुजे राहिलेले झाड निराळे, आटोपशीर झाड निराळे. गव्हाचेही तसेच झाले. जपानच्या 'नोरिन १०' या गव्हातून आलेल्या आखूड ताटामुळे खत देऊनही पीक लोळले नाही. तिथे बुटकेपणामुळे पोटाचा प्रश्न हलका झाला, इथे अंगणाचा. मार्ग मात्र एकच.

१९८६ मध्ये एगोल्फ यांच्या हातून 'हॉपी', 'झुनी', 'अकोमा' अशी मध्यम उंचीची वाणे बाहेर पडली. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमातींची नावे त्यांनी आपल्या झाडांना दिली. ही वाणे साधारण सात ते दहा फुटांची. अगदी गुडघ्याएवढी, दीड-दोन फुटांची 'चिकासॉ' आणि 'पोकोमोक' ही वाणे त्याच प्रयत्नातून पुढे आली, पण ती प्रसृत झाली १९९०च्या दशकाच्या अखेरीस. एगोल्फ १९९० मध्येच वारले होते. याकुशिमाच्या बियांपासून या गुडघाभर झुडपापर्यंत चाळीस वर्षे गेली. आंब्याची कोय लावणारा आजोबा आपल्या ओळखीचा आहे. त्याच जातीचे हे काम.

असे एक झाड हाती आले की त्याचे बी लावून भागत नाही, कारण बियातून पुन्हा भेळमिसळ निघते. छाट कलमेच करावी लागतात. म्हणून जगातले प्रत्येक 'नॅचेझ' हा त्या पहिल्या झाडाचाच तुकडा आहे.

ही गोष्ट रोपे विकत घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. कुंडीतले फुललेले बुटके रोप दिसले की आपण भुलतो. परंतु काही वेळा तो बुटकेपणा वाढ रोखणाऱ्या औषधाचा असतो. कोकणातले आंबा बागाईतदार 'कल्टार' वापरतात. त्यातले पॅक्लोब्युट्राझोल हे द्रव्य फुलझाडांनाही देता येते. औषधाचा अंमल उतरला, मुळे जमिनीत गेली, की ते रोप आपल्या कुळाच्या उंचीला जाते. तेव्हा रोप घेताना दोन प्रश्न विचारावेत: हे कलमाचे की बियाचे? आणि याचे जमिनीत लावलेले, चार-पाच वर्षांचे झाड दाखवाल का?

पैदास करणाऱ्यावर आणखी एक जबाबदारी असते आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. घाणेरी, जिला कोणी टणटणी म्हणतात, ती काही आपल्या रानची नव्हे. रंगीबेरंगी फुलांचे शोभेचे झुडूप म्हणून ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या देशातल्या बागांत आणली गेली. पाखरांनी फळे खाल्ली, बी माळावर नेले, आणि आज गुरांना चरायला जागा उरली नाही अशी कितीतरी रानांची स्थिती आहे. बागेतले झुडूप कुंपणाबाहेर गेले तर काय होईल, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. एगोल्फ यांनी जास्वंदीच्या एका परदेशी बहिणीवर काम करताना हा धागा उपयोगात आणला. त्या झाडाचे बी पडून बागभर रोपे उगवायची. त्यांनी कोल्चिसीन या द्रव्याने गुणसूत्रे दुप्पट केलेले झाड साध्या झाडाशी जुळवून तिप्पट गुणसूत्रांची 'डायना' तयार केली. तिला बी जवळजवळ धरतच नाही, आणि बी धरण्यात शक्ती न गेल्यामुळे फुले अधिक दिवस येतात. आपल्या केळ्यात बी नसते त्याचे कारणही हेच, तिप्पट गुणसूत्रे. आणि हे कोल्चिसीन पावसाळ्यात आपल्या कुंपणावर चढणाऱ्या कळलावीतही असते बरे का! ते जहाल विष आहे. मुलांना त्याच्या वाटेला जाऊ देऊ नये.

आपल्या सह्याद्रीत ताम्हण आहे, नाना आहे, बोंडारा आहे. सगळे याच कुळातले. त्यांतल्या कोणात कोणता गुण दडला आहे हे ते झाड उभे असेल तरच तपासता येईल. याकुशिमाचे ते पांढऱ्या फुलांचे झाड कोणी सरपणासाठी सगळेच तोडले असते, तर पुढची एकही गोष्ट घडली नसती. उरुळी कांचनच्या परिसरात आपले रोपवाटिकावाले लाखो रोपे वाढवतात. तिथल्या वाफ्यात एखादे रोप आपण होऊन ठेंगणे, दाट आणि निरोगी निघाले, तर ते विकून न टाकता बाजूला लावून ठेवावे. २००१ च्या वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्याने, सरकारने जाहीर केलेल्या वनस्पतींच्या बाबतीत, शेतकऱ्यालाही स्वतःच्या वाणाची नोंद करता येते.

शिक्षक बंधुभगिनींसाठी शेवटी एक प्रयोग सांगतो. झुडपाला वर्षे लागतात, मुलांना इतका धीर नसतो. म्हणून गुलबाक्षी घ्या. एक शुद्ध लाल आणि एक शुद्ध पांढरी. शुद्ध म्हणजे जिच्याखाली उगवलेली रोपेही त्याच रंगाची येतात ती. पिवळी किंवा पट्ट्यांची नको. पांढरीला आई करा. गुलबाक्षी सायंकाळी उमलते, तेव्हा दुपारी फुगलेली कळी उभी चिरून आतले पाच पुंकेसर काढा व कागदी पिशवी घाला. संध्याकाळी लाल फुलाचा पराग लावा. एका फुलाला मिऱ्यासारखे एकच काळे बी येते, म्हणून दहा-बारा फुले तरी करावीत. पुढच्या पावसाळ्यात ते बी पेरले की फुले गुलाबी येतील. एखादे रोप पांढरे निघाले, तर चिमटा धरणाऱ्याने घाई केली आणि एक पुंकेसर आत राहिला, एवढे मुलांना कळेल. त्या गुलाबी झाडांच्या कळ्यांवर पिशव्या बांधून त्यांना आपल्याच परागाने फळू द्या. तिसऱ्या वर्षी एकाच वाफ्यात लाल, गुलाबी आणि पांढरी अशी तिन्ही फुले दिसतील. ती मोजून फळ्यावर लिहावीत. पाचवीच्या वर्गाने हात घातला, तर सातवीत असताना तीच मुले ही मोजणी करतील.