ध्रुव खरोखरच अढळ आहे काय?



ध्रुव या शब्दाचा अर्थच मुळी अढळ असा आहे. परंतु पृथ्वीच्या आसाची टोके भूपृष्ठावर एका जागी ठरत नाहीत. काही मीटरांच्या घेऱ्यात ती सुमारे चौदा महिन्यांच्या आवर्तनाने हिंडतात, हे चँडलर या अमेरिकन ज्योतिर्विदाने १८९१ साली वेधांवरून दाखविले. ध्रुव सरकला की प्रत्येक गावाचा अक्षांश बदलला! मग नकाशा कोणत्या खुंटीस बांधावयाचा?

याचा छडा लावण्यासाठी १८९९ साली आंतरराष्ट्रीय अक्षांश सेवा सुरू झाली. जपानात मिझुसावा, तुर्कमेनिस्तानात चार्जुई, इटलीत कार्लोफोर्ते आणि अमेरिकेत तीन, अशी सहा ठाणी नेमली. सर्व उत्तर अक्षांश ३९ अंश ८ कला यांवर. यातील खुबी पाहण्याजोगी आहे. एका अक्षवृत्तावरील सर्वांच्या माथ्यावरून तेच तारे जातात. तेव्हा ताऱ्यांच्या यादीतील चूक सर्वांस सारखीच भोवावी व तुलनेत उडून जावी, ही अपेक्षा. निरीक्षक खस्वस्तिकाच्या उत्तरेचा एक व दक्षिणेचा एक, अशी ताऱ्यांची जोडी घेऊन त्यांच्या अंतरांतील फरक मोजी. विकलेचा शंभरावा हिस्सा हे त्यांचे ध्येय. भूमीवर तो सुमारे ३० सेंटीमीटर भरतो.

मिझुसावाचे प्रमुख हिसाशी किमुरा तेव्हा तिशीच्याही आत होते. त्यांचे आकडे इतरांशी जुळेनात. पोट्सडॅम येथील मध्यवर्ती कचेरीने मिझुसावाच्या वेधांकडेच बोट दाखविले. पाश्चात्त्य विद्येत नुकत्याच शिरलेल्या राष्ट्राला हे किती झोंबले असेल, याची कल्पना आम्हां भारतीयांस सहज यावी. किमुरांनी यंत्र तपासले. दोष सापडला नाही. मग त्यांनी सर्वच ठाण्यांचे आकडे पुढ्यात घेतले. ध्रुवाच्या सरकण्याचे दोन घटक होतेच. त्यांत सर्व ठाण्यांस सारखे असणारे व वर्षभरात बदलणारे तिसरे पद मिळविताच विसंगती ओसरली. १९०२ साली हे 'झेड पद' प्रसिद्ध झाले. दोष मिझुसावाचा नव्हता, सूत्राचा होता.

त्या पदाचे मूळ मात्र किमुरांना कळले नाही; ते १९४३ साली वारले. १९७० साली मिझुसावाच्याच वाको यांनी ते उलगडले. आसाच्या डोलण्याचे गणित पृथ्वीला सर्वस्वी कठीण गोळा मानून केले होते. तिच्या गाभ्यातील द्रवामुळे त्यातील सहामाही घटक चुकत होता. डोक्यावरचे तारे मोजता मोजता पायाखालच्या गाभ्याची साक्ष मिळाली, हे आम्हांस तरी विलक्षण वाटते.

आता खुंटी ताऱ्यांचीही राहिलेली नाही. अतिदूरच्या क्वेसारांचे रेडिओतरंग परस्परांपासून हजारो किलोमीटरांवरील थाळ्यांनी टिपून, ते कोठे किती क्षण आधी पोहोचले यावरून पृथ्वीचे परिवलन मोजतात. १ जानेवारी २०१९ पासून अमलात आलेल्या आकाशीय संदर्भचौकटीत असे ४५३६ उगम असून त्यांपैकी ३०३ तिची दिशा ठरवितात. हा हिशेब सूक्ष्म का हवा? परिवलनात सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाची चूक झाली, तर विषुववृत्तावरील स्थान ४६ सेंटीमीटर सरकते; उपग्रहावरून जमीन मोजणाऱ्यास ती परवडत नाही. जमिनीवरील चौकटही स्थिर नाही. भूपट्ट सरकतात, म्हणून प्रत्येक ठाण्याच्या स्थानाबरोबर त्याचा वार्षिक वेगही नोंदवावा लागतो.

मिझुसावा येथे आजही वेध चालतात, पण रेडिओ थाळीने. किमुरांची दुर्बीण तेथील स्मृतिसंग्रहालयात ठेवलेली आहे.