कुणाच्या नावावर?

पदवीधर मुलामुलींनो,

पदवी घेतल्यावर फोटो काढायची घाई असते, हे मला माहीत आहे. तरीही थोडा वेळ मागते. मी इतिहासाची विद्यार्थिनी. आज बोलायचं आहे ते बायकांच्या मताधिकाराबद्दल आणि समान हक्काबद्दल. पण मोर्चे आणि घोषणा यांच्यापेक्षा मला रस आहे तो नोंदवह्यांमध्ये. मतदार यादी, हजेरीपट, सातबारा. यांत बाईचं नाव कधी चढलं, कसं चढलं आणि कुणी चढवलं, ही गोष्ट फार कमी सांगितली जाते.

सुरुवात तुमच्या विद्यापीठाच्या नावापासूनच करू. 2004 साली सोलापूर या एका जिल्ह्यापुरतं स्थापन झालेलं हे विद्यापीठ 2019 पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं नाव लावतं. आपण त्यांचे घाट सांगतो, मंदिरं सांगतो, पंढरपूरचा होळकर वाडा दाखवतो. पण 1767 मध्ये मुलगा मालेराव गेल्यावर काय झालं, ते विसरतो. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी मसलत अशी काढली, की एखादा मुलगा दत्तक घ्यावा, दौलत त्याच्या नावावर करावी आणि बाईंनी देवधर्म करत बसावं. पेशव्यांचे चुलते राघोबादादा फौज घेऊन निघाले तेही याच मसलतीच्या जोरावर. अहिल्याबाईंनी दत्तक नाकारला, लढायची तयारी केली, पेशव्यांकडून कारभाराची मान्यता मिळवली आणि पुढे 1795 पर्यंत राज्य केलं. दौलत कुणाच्या नावावर, हाच तिथे वाद होता. तुमच्या पदवीवर छापलेलं नाव अशा एका नकारातून टिकलं आहे.

आता शंभर-सव्वाशे वर्षं पुढे येऊ. आपल्याकडे एक वाक्य फार ऐकू येतं: युरोपातल्या बायकांना मतासाठी तुरुंगात जावं लागलं, आपल्याकडे ते आयतं मिळालं. हे वाक्य मला अजिबात पटत नाही. डिसेंबर 1917 मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं एक शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं. येणाऱ्या सुधारणांत लोक म्हणजे केवळ पुरुष असं धरू नका, ही त्यांची मागणी. त्यानंतर मताधिकाराचा विचार करणारी साउथबरो समिती आली आणि इथली सामाजिक परिस्थिती पाहता बायकांना मत देणं घाईचं होईल, असं सांगून मोकळी झाली. मुंबईच्या हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन थेट लंडनला गेल्या, पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली, तिथे सभा घेतल्या. मिठन तेव्हा अर्थशास्त्राची पदवी नुकतीच घेतलेली मुलगी होती, म्हणजे तुमच्याच वयाची. ती तिथेच राहिली, कायदा शिकली, बॅरिस्टर झाली आणि परत येऊन मुंबई हायकोर्टात वकिली करू लागली. मिठन लाम या नावाने आपण तिला ओळखतो.

लंडनने निर्णय प्रांतांवर ढकलला. 1921 मध्ये आधी मद्रासने आणि पाठोपाठ मुंबई इलाख्याने बायकांना मत दिलं. सोलापूर मुंबई इलाख्यात, म्हणजे आपल्याकडेही तेव्हाच. या इलाख्यातल्या चळवळीच्या पुढे होत्या रमाबाई रानडे. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली, सासरच्या बायकांचे टोमणे खात रात्री नवऱ्याकडून अक्षरं गिरवणारी ही मुलगी. त्यांच्या सेवासदनाची शाखा सोलापुरात आहे, आणि तिथे शिकलेल्या मुली या सभागृहातही नक्की असतील. पुण्यात मुलींना सक्तीचं प्राथमिक शिक्षण हवं म्हणून 1920 च्या सुमारास बायकांना रस्त्यावर आणणाऱ्याही त्याच. नगरपालिकेचं म्हणणं होतं की पैसा कमी, तेव्हा आधी मुलगे, मुलींचं नंतर बघू. हा युक्तिवाद आजही घराघरांत चालतो, फक्त तिथे नगरपालिकेच्या जागी बाप असतो.

पण 1921 च्या त्या मताला एक अट होती. शेतसारा, घरभाडं किंवा प्राप्तिकर यांपैकी काही तरी किमान ठरावीक रकमेचं तुमच्या नावावर असलं पाहिजे. पुरुषांनाही अट हीच, त्यामुळे कागदावर अगदी समानता. प्रत्यक्षात जमीन कुणाच्या नावावर होती? घर कुणाच्या? त्यामुळे बायकांना मताचा हक्क मिळाला आणि यादीत बायका जवळजवळ नव्हत्याच. मला हा धडा फार मोठा वाटतो: मालमत्तेच्या नोंदीत जिला जागा नाही, तिला मतदारांच्या नोंदीतही जागा नव्हती.

1935 च्या कायद्याने यावर तोड काढली. नवऱ्याकडे ठरावीक पात्रता असेल तर त्याच्या बायकोला किंवा विधवेला मत, शिवाय साक्षर बाईला मत. संख्या वाढली, सुमारे 60 लाख बायका मतदार झाल्या. पण विचार करा, मत मिळालं ते कुणाची तरी बायको म्हणून. अखिल भारतीय महिला परिषदेने याला विरोध केला होता. तिचं पहिलं अधिवेशन जानेवारी 1927 मध्ये पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात भरलं होतं. आम्हाला राखीव जागा नकोत, नवऱ्याच्या नावाने मत नको, प्रत्येक प्रौढ माणसाला मत द्या, असं त्या ठामपणे मांडत होत्या. राखीव जागांबद्दलचं त्यांचं तेव्हाचं मत मला आज मान्य नाही. पण सरकार थोडंफार देऊ करत असताना ते नको, पूर्ण द्या, असं म्हणायला छाती लागते.

संविधानाने ते पूर्ण दिलं. जमीन बघितली नाही, शिक्षण बघितलं नाही, नवरा बघितला नाही. मग 1951-52 ची पहिली निवडणूक आली आणि मतदार याद्या करताना एक अजब गोष्ट उघड झाली. लाखो बायकांनी आपलं नाव सांगितलंच नव्हतं. यादीत लिहिलं होतं: अमक्याची बायको, तमक्याची आई. परक्या पुरुषाला आपलं नाव सांगायचं नाही, ही रीत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की अशी नोंद चालणार नाही, स्वतःचं नाव हवं. मुदत दिली, प्रचार केला, तरीही सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी 28 लाखांच्या आसपास नोंदी काढून टाकाव्या लागल्या. त्या वेळी पुष्कळांना हे कठोर वाटलं. मला वाटतं, सेन यांनी देशातल्या बायकांवर उपकार केले. त्यांनी तडजोड केली असती, तर 'अमक्याची बायको' ही सरकारी नोंद झाली असती आणि ती पुसायला आणखी पन्नास वर्षं गेली असती.

नाव न सांगण्याचा हा प्रकार मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेश इकडचा. म्हणून आपण पाठ थोपटून घ्यायचं कारण नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नव्या सुनेचं नवं नाव लिहायची हौस आपल्याच घरांत आहे. वीस-बावीस वर्षं जे नाव हाकेला ओ देऊन, मार खाऊन, हजेरीत 'उपस्थित' म्हणून कमावलं, ते एका दुपारी बदलतं आणि जेवणाची पंगत बसते. मुलीला ते आवडत असेल तर माझी हरकत नाही. विचारलं होतं का, एवढंच मला विचारायचं आहे.

आता सोलापूरकडे येते, कारण हे शहर बायकांच्या हातांवर उभं आहे. गिरण्या होत्या तेव्हा गिरण्यांत बायका होत्या. बाळंतपणात कामावरून नाव जायचं, मजुरी जायची. 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले आणि 1929 मध्ये तो कायदा झाला. त्याच आंबेडकरांनी पुढे 1951 मध्ये बायकांना वारसा आणि घटस्फोटाचे हक्क देणारं हिंदू कोड बिल रखडवलं गेलं म्हणून मंत्रिपद सोडलं.

गिरण्या गेल्या, विडी राहिली. शहराच्या पूर्व भागात दुपारी कुठल्याही गल्लीत जा. दारात मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई दिसेल. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मोजणी हजारावर. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. या बाईचं नाव कारखान्याच्या रजिस्टरवर आहे की नाही, यावर सगळं अवलंबून. नाव असेल तर भविष्य निर्वाह निधी, ओळखपत्र, मुलांची शिष्यवृत्ती. 1966 आणि 1976 चे विडी कामगारांसाठीचे कायदे तिच्यापर्यंत पोचले ते त्या एका नोंदीतून. नोंद नसेल तर ती नुसती विड्या वळणारी बाई. या बायका संघटित झाल्या आणि कुंभारीला त्यांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, 2006 मध्ये तिचं लोकार्पण झालं. वसाहतीच्या गृहनिर्माण संस्थेला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं नाव आहे, आणि त्या नावातच 'महिला विडी कामगार' हे शब्द आहेत. सभासद त्याच. ज्यांच्या आज्यांना 1921 मध्ये घर नावावर नाही म्हणून मत नव्हतं, त्या घरांतल्या बायका स्वतःच्या घराच्या सभासद झाल्या. तुमच्यातल्या कितीतरी जणांची फी या सुपातून आलेली आहे, हे मी सांगायची गरज नाही.

शेवटी सातबारा. शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला भरलं, त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली: नवऱ्याने आपणहून थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. 1994 मध्ये महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्माने हक्क दिला, देशाने तो 2005 मध्ये दिला, आणि ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या उरल्यासुरल्या पळवाटा बुजवल्या. कायदा झाला. आणि मग आलं हक्कसोडपत्र.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे चांगलं माहीत आहे. वडील जातात. वारसनोंद होते, बहिणींची नावं लागतात. वर्षश्राद्धाच्या आत-बाहेर भाऊ गाडी करतो, बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेऊन जातो. वाटेत चहा, भजी, जुन्या आठवणी. तिथे अंगठा आणि फोटो. कागदावर लिहिलेलं असतं की मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता हक्क सोडत आहे. संध्याकाळी साडीचोळी. बहिणीचाही हिशोब पक्का असतो: सासरी काही बिनसलं तर माहेरचं दार उघडं राहायला हवं, आणि त्या दाराची किंमत ती दोन एकरांनी चुकवते. यात भाऊ दुष्ट असतो असं नाही, बहुतेक वेळा तो खरोखर प्रेमळ असतो. म्हणूनच हे मोडायला अवघड आहे. मारणाऱ्या हाताविरुद्ध तक्रार करता येते, चहा पाजणाऱ्या भावाविरुद्ध कशी करणार?

मुलांनो, मी मुद्दाम मुलांना म्हणते आहे, तुमच्यावर अशी वेळ येईल. निदान तो कागद सहीआधी आठ दिवस बहिणीच्या हातात द्या आणि तिच्या ओळखीच्या कुणाकडून तरी तिला वाचून घेऊ द्या. ती मग सोडेल किंवा सोडणार नाही. तिने हक्क सोडला नाही तर राखीपौर्णिमेला नेहमीसारखं जा.

तुमच्यातले अनेक जण स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला बसले आहेत. कुणी ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचा तलाठी होईल, कुणी ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, कुणी शिक्षक होऊन घरोघर मतदार याद्या तपासत फिरेल. म्हणजे या वह्या उद्या तुमच्याच हातात येणार. ग्रामपंचायतीत 2011 पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तुमच्यासमोर सरपंचबाईंच्या ऐवजी त्यांचे यजमान येऊन बसले, तर त्यांना चहा जरूर द्या आणि बाईंना बोलावणं पाठवा. लोकसभेतल्या आणि विधानसभेतल्या एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती 2023 मध्ये झाली, ती जनगणनेला आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून. महाराष्ट्रात 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी येतं, त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर तुमच्यापैकीच कुणाची तरी सही असेल.

आणि मुलींनो, एक अगदी साधं काम. ज्यांनी अजून मतदार नोंदणी केली नाही त्यांनी नमुना 6 भरा. वर्षातून चार तारखांना पात्रता धरतात, तेव्हा वाट बघत बसायचं कारण नाही. ज्यांचं लग्न होऊन गाव बदलेल त्यांच्यासाठी नमुना 8 आहे, पत्ता बदलण्याचा. माहेरच्या यादीतून नाव जातं आणि सासरच्या यादीत चढत नाही, अशा मधल्या काळात निवडणूक होऊन जाते. हा अर्ज नवऱ्याने भरायचा नाही, दिरानेही नाही. मोबाइलवर दहा मिनिटांचं काम आहे. नाव कसं लावायचं, माहेरचं की सासरचं, तेही त्याच वेळी तुम्हीच ठरवा.

बाहेर आईवडील वाट बघत असतील, जा.