‘अस्तु’, आई आणि एक एक्सेल शीट

(ट्रॉय येथे मंडळाच्या कार्यक्रमात, ‘अस्तु’ चित्रपट दाखवण्यापूर्वी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि बाहेर बटाटेवड्यांचा वास सुटलाय, त्यामुळे वेळेचं भान ठेवतो. मी काही साहित्यिक नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर झालो, आता लोकांच्या बिघडलेल्या सिस्टिम्स दुरुस्त करत फिरतो. तरीही आज एका लेखिकेविषयी बोलायचं धाडस करतोय, कारण तिने माझी एक चूक मला दाखवून दिली.

सुमित्रा भावे. आपण त्यांना दिग्दर्शिका म्हणून ओळखतो, पण त्यांच्या चित्रपटांच्या पटकथा-संवादही त्या स्वतःच लिहीत. १९४३ साली पुण्यात जन्म. शिक्षण समाजकार्याचं, आणि पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी शिकवलंही. झोपडपट्टीतल्या बायकांवर संशोधन करताना त्यांना प्रश्न पडला, की या बायकांना वाचता येत नाही, मग त्यांच्याबद्दल लिहिलेला अहवाल त्यांच्यापर्यंत पोचणार कसा? त्यातून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट झाला. सिनेमाचं कुठलंही शिक्षण नसताना! पुढे सुनील सुकथनकरांबरोबर ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘नितळ’, ‘कासव’ असे चित्रपट आले. ‘कासव’ला २०१६ सालचं सुवर्णकमळ मिळालं. एप्रिल २०२१ मध्ये त्या गेल्या.

त्यांच्या लेखनात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आजारी माणसाइतकंच त्या त्याच्याजवळ बसलेल्या माणसाकडे बघतात. २००४ च्या ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आहे आणि त्याला सांभाळणारी बहीण आहे. तो चित्रपट उभा राहण्यामागे आपल्यासारखाच एक परदेशस्थ मराठी माणूस होता, कॅलगरीचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. घरातलं दुःख झाकून न ठेवता त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली.

आणि २०१३ चा ‘अस्तु’. डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, त्यांनी त्यात अल्झायमर झालेल्या संस्कृत पंडिताचं काम केलंय. संवादांसाठी सुमित्राताईंना आणि माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोष्ट सांगून तुमचा विरस करत नाही. एवढंच सांगतो, की अप्पा हत्तीच्या मागे जातात आणि हरवतात.

आता माझ्या घरची गोष्ट. माझे बाबा सांगलीला बँकेत कॅशियर होते. चार वर्षांपूर्वी त्यांना डिमेन्शिया असल्याचं निदान झालं. दर शनिवारी इथे सकाळी नऊला, म्हणजे तिथे संध्याकाळी, मी व्हिडिओ कॉल करायचो. बाबा स्क्रीनकडे बघून अदबीने विचारायचे, “आपलं खातं आमच्याच शाखेत आहे का?” मी म्हणायचो, “बाबा, अहो मी तुमचा मुलगा!” ते ओशाळायचे, मग चिडायचे. शेजारी आई मान खाली घालून बसलेली असायची.

मी इंजिनिअर. मी आईला एक्सेल शीट पाठवलं. औषधाची वेळ, जेवण, चिडचिड, झोप. म्हटलं, महिनाभर भर, म्हणजे पॅटर्न कळेल. तिने बिचारीने छापून घेऊन तीन आठवडे इमानेइतबारे भरलं. चौथ्या आठवड्याच्या कागदाचा फोटो आला. ‘झोप’ या रकान्यात तिने लिहिलं होतं, “त्यांची की माझी?”

मी त्यावर काही उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर रागच आला, की मी इतक्या लांबून धडपडतोय आणि हिला टोमणे सुचतायत! त्याच सुमारास ‘अस्तु’ बघितला. त्यातली मुलगी इरा वडिलांवर जीव टाकते आणि त्यांना सांभाळून थकलेलीही असते. दोन्ही खरं. आणि माहुताची बायको चन्नम्मा, जिची भाषाही वेगळी, ती या म्हाताऱ्याला काहीच आठवायला सांगत नाही. समोर जसा आहे तसा त्याला जवळ घेते. मी मात्र दर शनिवारी बाबांची परीक्षा घेत होतो आणि आईकडून निकाल मागवत होतो.

त्या जानेवारीत पाच आठवडे सांगलीला जाऊन राहिलो. पहिल्याच रात्री अडीच वाजता बाबा शर्ट घालून दारात. “कॅश टॅली झाली नाही.” मी समजावू लागलो, “बाबा, तुम्ही रिटायर झालात.” आई उठली. तिने जुन्या कॅलेंडरची पानं नोटांएवढी कापून ठेवली होती. तो गठ्ठा तिने बाबांपुढे ठेवला. बाबांनी अंगठ्याला पाणी लावून सगळा मोजला, रबरबँड लावला, “टॅली” म्हणाले आणि झोपले. आई मला म्हणाली, “तू त्यांना रोज नव्याने रिटायर करतोस रे.”

हे ती रोज करत होती, आणि शेजारी कुणाला कळू न देता. मी असेपर्यंत दोन गोष्टी झाल्या. शेजारच्या काकूंना खरं सांगितलं, आणि ब्यूरोतून दिवसाला चार तास एक मावशी ठेवल्या. आई आता मंगळवारी पुन्हा भजनाला जाते. बाबा बरे होणार नाहीत, आणि मी इथे, ते तिथे, हा प्रश्नही सुटलेला नाही.

मंडळी, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. अमेरिकेत पासष्टीपुढच्यांमध्ये हा आकडा ७० लाखांच्या वर आहे. आपल्या ट्रॉयमध्येही आई-वडील मुलांकडे राहतात. “वय झालंय, विसरतात” म्हणून आपण विषय संपवतो, आणि घरातली एक सून किंवा एक आजी चोवीस तास बांधलेली राहते. या विषयावरच्या १९८१ च्या एका प्रसिद्ध इंग्रजी पुस्तकाचं नावच मुळी ‘छत्तीस तासांचा दिवस’ अशा अर्थाचं आहे!

म्हणून विनंती. अशा घरी फोन केलात तर “बाबा कसे आहेत?” नंतर “तुम्ही झोपलात का?” असंही विचारा. सल्ला देऊ नका, दोन तास जाऊन बसा. अल्झायमर्स असोसिएशनची हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते, १-८००-२७२-३९००. दुभाषाही मिळू शकतो. आणि समितीला सुचवतो, महिन्यातून एका रविवारी सांभाळणाऱ्यांनी एकत्र जमावं. चहा माझ्याकडे.

गेल्या शनिवारी बाबांनी पुन्हा विचारलं, “आपलं खातं आमच्याच शाखेत आहे का?”

मी म्हटलं, “हो साहेब. फार जुनं खातं आहे.”

बाबा हसले. म्हणाले, “मग उभे का? बसा ना.”