मतभेदाची पत्रे



या व्यासपीठावर प्राध्यापक येतात, वकील येतात, ग्रंथकार येतात. कारखान्याच्या फाटकापाशी उभे राहून बोलण्याची सवय असलेल्या माणसाला चालकांनी येथे बोलाविले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. तेव्हा बोलण्यात शास्त्रीपणा आढळला नाही तर आपण मोठ्या मनाने घ्यावे.

आम्ही संपावर किंवा बोनसवर बोलू, अशी पुष्कळांची अटकळ असेल. आम्ही बोलणार आहो ते ख्रिस्ती धर्मातील एका वादाच्या पत्रव्यवहारावर. धाराशिवातल्या युनियनवाल्याचा या विषयाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आम्हांला जरा बोचणारा आहे. तो शेवटी सांगू.

2020 च्या जानेवारीत 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या या गावी, तेव्हाच्या उस्मानाबादेत, भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते. 'सुबोध बायबल' त्यांनी मराठीत आणले. वसईचा हिरवा पट्टा वाचविण्यासाठी ते रस्त्यावर उतरले. तरीही धर्मगुरू संमेलनाध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला, धमक्याही आल्या. फादर पाठीच्या दुखण्याने बेजार होते. ते चाकाच्या खुर्चीवरून आले आणि जे बोलायचे ते बोलले. 2024 च्या जुलैत ते गेले. त्या संमेलनाने आमच्यापुरते एक काम केले. मराठी मुलखातील ख्रिस्ती माणसे आपापसांत काय बोलत होती, कशावरून भांडत होती, हे जाणण्याची इच्छा झाली. वाचनालयात शोधता शोधता हाती आला तो पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचा ग्रंथ. अ. भि. शहा यांनी संपादिलेला हा ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 साली काढला. ग्रंथ इंग्रजी, कोश उशाशी घेऊन वाचता वाचता आमचे दोन पावसाळे गेले.

रमाबाईंचा पूर्ववृत्तान्त आपणांस ठाऊक आहे. 1858 चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे. दुष्काळात आईबाप गेले. कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. दोन वर्षांत वैधव्य आले. 1883 साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडास गेल्या. वैद्यकी शिकण्याचा मानस होता, पण ऐकू कमी येई म्हणून तो सोडावा लागला. वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या कन्या महाविद्यालयात गेल्या आणि पत्रे सुरू झाली.

वाँटेजचा मठ परंपरानिष्ठ. मठवासिनींची समजूत अशी की, बाप्तिस्मा घेतला म्हणजे चर्चने सांगितलेले सगळे घेतले. रमाबाईंची समजूत निराळी. त्यांनी ख्रिस्ताला स्वीकारले होते; चर्चच्या प्रत्येक वाक्यावर सही केली नव्हती. त्रैक्याचे मत, चमत्कारांच्या कथा, सगळ्यांवर त्यांनी प्रश्न विचारले. क्रूसावर लॅटिन अक्षरे का? आमच्या संस्कृतात काय उणे आहे, असे त्यांनी विचारले. त्या शाकाहारी राहिल्या, तेही जेराल्डीनबाईंना जुन्या जातीच्या अभिमानाचे शेपूट वाटले. पुढे चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात याने तिचे नाव जाईल, असे त्यांचे म्हणणे. पुरुषांच्या भर सभांत शास्त्रार्थ करून आलेल्या बाईबद्दल हा निर्णय, आणि तिला न विचारता! 1885 च्या मे महिन्यात रमाबाईंनी धर्ममातेला जे लिहिले त्याचा मथितार्थ असा: भटभिक्षुकांचे जू एकदा मानेवरून उतरविले आहे, आता दुसऱ्यांचे तसलेच जू चढवून घेणार नाही.

हे पत्र वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. मंडळी, ही बाई लिहीत होती कोणत्या जागेवरून, हे ध्यानात घ्या. परका मुलूख, पदरी लहान मूल, अन्न आणि छप्पर त्याच मठाच्या कृपेचे. कामगाराला ही जागा ओळखीची आहे. कारखान्याची खोली, कारखान्याची उचल, कारखान्याच्या शाळेत पोर. अशा वेळी मालकाला प्रश्न विचारायचा म्हणजे काय, हे ज्याने विचारला त्यालाच कळते. दिलेल्या भाकरीबरोबर होकारही विकत घेतला, असा देणाऱ्याचा समज होतो. रमाबाईंनी भाकरीचे उपकार मानले. होकार मात्र आपल्यापाशी ठेवला.

पण जेराल्डीनबाईंना खलनायिका ठरवून मोकळे होणे हा न्याय नव्हे. त्यांनी मनोरमेला पोटच्या लेकरासारखे सांभाळले. आपली धर्मकन्या वाट चुकते आहे, ही त्यांची कळकळ खरी होती. चूक एवढीच की, प्रश्न आला की त्यांना तो गर्व वाटे. याउलट चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील. त्याही श्रद्धाळूच, पण शंकेला त्या विचाराने उत्तर देत, आणि विचारणाऱ्याला विचारू देत. म्हणून बीलबाईंना लिहिताना रमाबाईंची लेखणी तर्क करते आणि धर्ममातेला लिहिताना ती तडतडते.

या भांडणात दोन गोष्टी आम्हांला फार मोलाच्या वाटल्या. पहिली ही की, रमाबाई जेराल्डीनबाईंना 'आजीबाई' म्हणत. वाद पेटला तरी हा मराठी शब्द त्यांनी टाकला नाही. नाते तोडायचे नाही आणि मतही सोडायचे नाही, हे दोन्ही त्या एका शब्दात राहिले. दुसरी गोष्ट अधिक मोठी. ही पत्रे जपून ठेवली, क्रमाने लावली, ती जेराल्डीनबाईंनीच. स्वतःच्या टिपा जोडल्या, आपली बाजू मांडली, हे खरे. परंतु ज्या पत्रांनी आपणांस बोल लाविला ती त्यांनी चुलीत घातली नाहीत. म्हणून आज धाराशिवच्या वाचनालयात बसून आम्ही रमाबाईंचा आवाज ऐकू शकतो. विरोधकाचे पत्र जपणे ही त्याला दिलेली अर्धी कबुलीच नव्हे काय?

आता आमचा संबंध सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी या जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात थकलेल्या पगाराबद्दल तडजोड झाली. सही आमची होती. आमच्याच युनियनचा एक वयस्कर सभासद, पाणी तापविण्याच्या खात्यातला, याने आम्हांला पोस्टकार्ड लिहिले: एवढ्या महिन्यांची बाकी सोडून सही का केली? आम्ही उत्तर दिले नाही. दुसरे आले, तिसरे आले, एकूण सहा आली. बारीक अक्षरात तारखा, रकमा, कोणत्या हंगामाचे किती. आम्ही चारचौघांत म्हटले, म्हातारा व्यवस्थापनाला फितूर झाला. ज्यांनी आयुष्यभर मालकाला 'प्रश्न विचारणे हा गुन्हा नव्हे' म्हणून सुनावले, त्यांना स्वतःला विचारलेला प्रश्न फितुरी वाटला! कार्डे आवराआवरीत रद्दीत गेली.

पुढे कारखाना बंद पडला. बाकीचा दावा लावण्याची वेळ आली तेव्हा जुने हिशेब कोणापाशी नव्हते. वकिलांनी विचारले, कोणी तेव्हाच लिहून ठेविले आहे काय? लिहिले होते, सहा पोस्टकार्डांवर लिहिले होते, आणि ती आम्ही रद्दीत घातली होती. आम्ही त्यांच्या घरी गेलो. गृहस्थ वारले होते. त्यांच्या पत्नीने चहा दिला आणि एवढेच विचारले, "साहेब, तुमचं उत्तर आलं का म्हणून ते पोस्टमनला रोज विचारायचे. तुम्ही लिहिलं होतं का?"

त्या बाईंना आम्ही खरे ते सांगितले. काही कामगारांची बाकी मिळाली, काहींची पुराव्यावाचून बुडाली. त्यात त्या गृहस्थांचीही होती.

म्हणून जेराल्डीनबाईंवर टीका करण्याचा आमचा अधिकार बेताचाच आहे. त्यांनी उत्तरे तरी दिली आणि पत्रे तरी राखली. आमच्या कचेरीत आता एक जाड वही आहे. आलेल्या प्रत्येक तक्रारीची तीत नोंद होते. आमच्याविरुद्धची असेल तिची आधी. उत्तर आठ दिवसांत जाते, मग ते 'आमचे चुकले' एवढेच का असेना. ही वही घालायला आम्हांला एक माणूस गमवावा लागला. आपण ती फुकट घालू शकता. आपल्या संस्थेत, देवळात, चर्चमध्ये, पक्षात, घरातसुद्धा, ज्याचे पत्र वाचताना कपाळावर आठी पडते, त्याचे पत्र आज रात्री पुन्हा काढून वाचा, आणि उद्या उत्तर टाका.