नाक्यावरील पहारेकरी

आलापल्लीच्या रानांतील सागवान बल्लारपूरच्या आगाराकडे निघालें, म्हणजे वाटेंत वनखात्याच्या नाक्यावर गाडी थांबते. माल कोठून आला, कोठें जावयाचा, वाहतूक परवाना आहे कीं नाहीं, ओंडक्यांवर हातोड्याची खूण आहे कीं नाहीं, एवढें पाहून नाकेदार अडसर उचलतो किंवा गाडी अडवितो. आज मी आपणांस अशाच एका नाक्याविषयीं सांगणार आहें. मात्र तेथून लांकूड जात नाहीं, संदेश जातात.

एखाद्या कचेरींतील संगणकांचें जाळें जेथें इंटरनेटला मिळतें, तेथें फायरवॉल नांवाचा पहारेकरी बसविलेला असतो. संदेश लहान लहान पॅकेटांत विभागून येतो. प्रत्येक पॅकेटाच्या माथ्यावर निघण्याचें ठिकाण, पोहोंचण्याचें ठिकाण आणि पोर्ट, म्हणजे दाराचा क्रमांक, लिहिलेला असतो. सुरक्षित संकेतस्थळांचें दार ४४३, दुरून यंत्र चालविण्याचें २२. साधा पहारेकरी हा माथा तेवढा वाचतो. आंतील मजकूर उघडीत नाहीं.

त्यास हुकूम द्यावयाचा तो नियमांच्या यादीनें. लिनक्सच्या पद्धतींत ही यादी वरून खालीं वाचली जाते, आणि परवानगीचा वा मनाईचा जो नियम प्रथम लागू पडेल तोच निर्णय ठरतो. ‘४४३ वर सर्वांस येऊं द्यावें’ असें वर लिहून खालीं ‘अमक्या पत्त्यास अडवावें’ असें लिहिलें, तर त्या दारीं दुसऱ्या नियमाची पाळी कधींच येत नाहीं. म्हणून विशेष नियम वर, सामान्य नियम खालीं, आणि अखेरीस ‘बाकी सर्व बंद’. आंतून गेलेल्या प्रश्नाचें उत्तर मात्र परत येऊं द्यावें. त्यासाठीं पहारेकरी चालू संभाषणांची नोंद ठेवतो.

येथेंच धोका आहे. गडचिरोलींत बसून भामरागडचें यंत्र दुरुस्त करणाऱ्यानें स्वतःच्या प्रवेशाचा नियम लिहिण्यापूर्वींच ‘बाकी सर्व बंद’ केलें, तर तो स्वतःच बाहेर राहतो. आणि पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला तर तेथें जाण्याची वाटहि उरत नाहीं. यास्तव नवे नियम मुदतीनें लावावेत: कांहीं मिनिटांत होकार न मिळाल्यास जुने नियम आपोआप परत यावेत, अशी तजवीज असते.

अडविणें म्हणजेच रक्षण, असें मात्र समजूं नये. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला. २००६ च्या कायद्यानें बांबू गौण वनोपज ठरला होता. तरी वाहतूक परवाना गांवाच्या हातीं नसल्यामुळें हक्काचा बांबू बाहेर नेतां येईना. २७ एप्रिल २०११ रोजीं परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं आलें, तेव्हां वाट खुली झाली. नाका तोच होता. कोणाचा परवाना ग्राह्य, एवढाच नियम बदलला.

‘बाकी सर्व बंद’ ही ओळ कोणीहि लिहील. तिच्या वर कोणाकोणाची रास्त वाट आहे, हें आधीं विचारून लिहिणें, हेंच नाका राखणाराचें खरें काम होय.