यंत्राला आपली भाषा शिकविणारी बाई
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या कर्तबगार स्त्रीची ओळख करून द्यावी, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा हे काम चिटणीसबाईंनी माझ्यावर सोपविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण माझी धाकटी मुलगी कॉलेजात संगणकाचा अभ्यास करते आणि तिच्या तोंडून एका अमेरिकन बाईंचे नाव वरचेवर ऐकू येते. तिच्याकडून मी सारे समजून घेतले, वहीत टिपून काढले, आणि तेच आज आपणांपुढे ठेवीत आहे.

त्या बाईंचे नाव ग्रेस हॉपर. संगणक म्हटला की आपल्यापैकी कित्येकी दोन पावले मागे सरतात. “ते आपले काम नव्हे, ते शिकलेल्यांचे,” असे म्हणतो. हॉपरबाई स्वतः पुष्कळ शिकलेल्या होत्या. परंतु त्यांनी जन्मभर एकच गोष्ट लावून धरली. माणसाने यंत्राची भाषा शिकावी, त्यापेक्षा यंत्रालाच माणसाची भाषा शिकवावी, ही ती गोष्ट. म्हणून त्यांची कथा आपल्यासारख्यांनी ऐकण्याजोगी आहे, असे मला वाटले.

ग्रेसबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील विम्याच्या धंद्यात होते. आईला गणिताची आवड होती. सात वर्षांच्या असताना घरातले गजराचे घड्याळ कसे चालते ते पाहावे म्हणून या मुलीने ते उघडले. पुन्हा जुळेना, म्हणून दुसरे उघडून पाहिले, मग तिसरे; अशी घरातली सात घड्याळे मोकळी झाली! आईने काय केले असेल? मारले नाही, कोंडले नाही. एक घड्याळ तुझे, ते खुशाल उघड, बाकीच्यांना हात लावायचा नाही, असे ठरवून दिले. आपल्या घरी असे झाले तर आपण काय करू, याचा ज्याच्या त्याच्या मनाशी विचार करावा.

पुढे आजारपणामुळे वडिलांचे दोन्ही पाय कापावे लागले. तरीही ते कामावर जात. मुलींनाही मुलाइतकेच शिक्षण मिळाले पाहिजे, वेळ पडली तर त्यांना स्वतःचे पोट भरता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. व्हॅसर नावाच्या मुलींच्या कॉलेजात पहिल्या खेपेस प्रवेश मिळाला नाही, कारण लॅटिन विषय कच्चा होता. वर्षभराने मिळाला. १९२८ साली पदवी, आणि १९३४ साली येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट. मधल्या काळात, १९३० साली, त्यांचे लग्न झाले आणि व्हॅसरमध्येच त्या गणित शिकवू लागल्या. तो संसार मात्र टिकला नाही. १९४५ साली घटस्फोट झाला. मूलबाळ नव्हते. हॉपर हे पतीचे आडनाव त्यांनी शेवटपर्यंत लावले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर त्यांनी आरमारात भरती व्हायचे ठरविले. वय पस्तिशीच्या पुढचे, आणि वजन नियमापेक्षा सुमारे १५ पौंडांनी कमी. त्यांनी खास परवानगी मिळविली आणि १९४३च्या डिसेंबरात त्या भरती झाल्या. शिक्षणात पहिल्या आल्या. १९४४ साली त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली. तेथे हॉवर्ड एकन या गृहस्थांच्या हाताखाली ‘मार्क वन’ नावाचे हिशेबाचे अजस्र यंत्र चाललेले होते. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन सुमारे ५ टन! एवढे असून एका सेकंदात तीन बेरजा, इतकाच त्याचा वेग. आपल्या पिशवीतला मोबाइल डोळ्यांपुढे आणा म्हणजे फरक कळेल. त्या यंत्राला हुकूम द्यायचा तो कागदी पट्टीवर भोके पाडून. हॉपरबाईंनी ते काम शिकून घेतले आणि यंत्राची माहिती देणारे पाचशेंहून अधिक पानांचे पुस्तकही तयार केले. ते १९४६ साली निघाले.

युद्ध संपले. हार्वर्डमधली मुदतीची नेमणूकही संपली. तेथे बाईमाणसाला कायमची जागा मिळणे कठीणच होते. तेव्हा १९४९ साली त्या फिलाडेल्फियाच्या एका नव्या संगणक-कंपनीत गेल्या. ‘युनिव्हॅक’ हा धंद्यासाठी विकला जाणारा संगणक या कंपनीने बनविला.

येथली एक गंमत मला फार आवडली. तेथल्या एका यंत्रासाठी आठांच्या पटीत मोजण्याची रीत होती. म्हणजे सातानंतर आठ न लिहिता एकदम १० लिहावयाचे. हॉपरबाईंना या रीतीची इतकी सवय जडली की घरी बँकेच्या पुस्तकाचा हिशेब काही केल्या जुळेना. त्यांचे भाऊ बँकेतले जाणते. ते काही संध्याकाळी हिशेब घेऊन बसले, तेव्हा उलगडा झाला. बाईंनी मधूनमधून वजाबाकी आठांच्या रीतीने केली होती! घरखर्चाची वही जिने मांडली आहे तिला ही पंचाईत तेव्हाच कळेल. पण हॉपरबाईंनी त्यातून बोध घेतला. यंत्राचे जग निराळे आणि माणसाचे निराळे. दोन्हीकडे रोज येरझारा घालण्याचा ताप माणसाने का सोसावा? या दोहोंमधले दुभाष्याचे काम यंत्रानेच करावे, हा विचार मनात बळावला, त्याचे हेही एक कारण, असे त्या पुढे सांगत.

आता यंत्र दुभाष्याचे काम करते म्हणजे काय करते, ते मला जसे समजले तसे सांगते. आपण सुनेला आमटी सांगताना “वरून फोडणी दे” एवढेच म्हणतो. कढले तापव, तेल घाल, मोहरी तडतडू दे, हिंग घाल, हळद घाल, असे दर वेळी सांगत बसत नाही. ‘फोडणी’ या एका शब्दात ते सारे आले. पण त्या काळच्या संगणकाला ‘फोडणी’ ठाऊक नव्हती. तेल किती, मोहरी कोणत्या डब्यातली, हे आकड्यांत, एकेक पायरी करून, प्रत्येक खेपेस नव्याने सांगावे लागे. काम करणाऱ्या मंडळींनी बरोबर चाललेले हुकूम आपापल्या वह्यांत लिहून ठेवलेले असत आणि ती एकमेकांच्या वह्यांतून उतरवून घेत. उतरविताना चुका होत, बेरजेत चुका होत, मग सारेच बिघडे.

हॉपरबाईंनी असे तयार हुकूम एकत्र केले, फितीवर साठविले आणि प्रत्येकाला खुणेचे नाव दिले. खूण सांगितली की यंत्राने तो तुकडा आपणच काढावा आणि योग्य जागी जोडावा. १९५२ साली हे सिद्ध झाले. त्याला त्यांनी ‘कंपायलर’ म्हटले, म्हणजे जमवाजमव करून जुळणी करणारा. गंमत म्हणजे पुष्कळांचा यावर विश्वासच बसेना. संगणक फक्त गणित करतो, तो हुकूम कसले लिहिणार, असे भोवतालचे लोक त्यांना सांगत राहिले.

पुढचे पाऊल याहून धाडसाचे. गणिताच्या खुणा शास्त्रज्ञांना ठीक आहेत. पण कचेरीत मालाचा साठा, बिले, पगार पाहणाऱ्या माणसाला त्या खुणा काय कामाच्या? त्याला साध्या शब्दांत हुकूम देता आला पाहिजे, असे हॉपरबाईंनी मांडले. वरिष्ठांनी उत्तर दिले की यंत्राला इंग्रजी कळत नाही. १९५५च्या सुमारास बाईंनी एक छोटासा नमुना इंग्रजी शब्दांत चालवून दाखविला. आणि शब्द कोणतेही असोत, यंत्राला त्या नुसत्या खुणाच, हे पटावे म्हणून तेच काम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही करून दाखविले. झाले उलटेच. अमेरिकेत बनविलेल्या यंत्राला परकी भाषा कळते हे पाहून वरिष्ठ बिचकले! शेवटी यापुढे इंग्रजीच वापरू, असे आश्वासन देऊन बाईंनी काम पुढे रेटले. त्यातून ‘फ्लो-मॅटिक’ नावाची भाषा तयार झाली.

भगिनींनो, माझ्या मते सबंध कथेचे मर्म या प्रसंगात आहे. यंत्राला भाषेचे सोवळे-ओवळे नाही. ते असते माणसांना.

पुढे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे निघाली आणि प्रत्येकीची भाषा वेगळी. यंत्र बदलले की सारे काम पुन्हा लिहा! सर्वांना मिळून एक भाषा असावी, ही सूचना मेरी हॉज या बाईंनी केली. १९५९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने कंपन्यांचे आणि सरकारी कचेऱ्यांचे लोक एकत्र बसले. त्यांनी जी भाषा बनविली ती ‘कोबोल’. ‘ॲड’ म्हणजे मिळव, ‘सबट्रॅक्ट’ म्हणजे वजा कर, असे साधे इंग्रजी शब्द तिच्यात आहेत. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कोबोल एकट्या हॉपरबाईंनी रचली नाही. जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टियर्नी या बायका आणि त्यांच्या जोडीचे पुरुष सहकारी यांनी तिचा मोठा भाग बसविला. हॉपरबाई सल्लागार होत्या. पण पाया फ्लो-मॅटिकचा, म्हणून लोक त्यांना कोबोलची आजी म्हणू लागले. आजीचा मान असाच असतो. पदार्थ सुना करतात, पण हात आजीचा म्हणतात.

ही भाषा तगणार नाही, असे तेव्हा अनेकांना वाटत होते. मंडळींपैकीच एकाने कामाच्या दिरंगाईला वैतागून ‘कोबोल’ असे कोरलेला थडग्याचा दगड प्रमुखांकडे पाठवून दिला! परंतु १९६० सालच्या डिसेंबरात एकच काम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आले, आणि भाषा रुजली. ती अजून आहे. कित्येक देशांच्या बँकांत आणि सरकारी खात्यांत जुने हिशेब आजही तिच्यावर चालतात. साल २००० उजाडण्यापूर्वी संगणकांतील दोन आकडी सालांचा घोटाळा निस्तरावयाचा होता, तेव्हा आपल्याकडील पुष्कळ तरुण मुलामुलींना या भाषेने काम दिले. २०२० साली करोनाच्या साथीत अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणारी माणसे हवीत म्हणून जाहीर हाक द्यावी लागली.

आरमाराने १९६६ साली, साठाव्या वर्षी, हॉपरबाईंना निवृत्त केले. सात महिन्यांत पुन्हा बोलावणे आले, सहा महिन्यांपुरते म्हणून. ते सहा महिने कितीतरी वर्षे लांबले! त्या अखेर निवृत्त झाल्या १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी. हुद्दा रिअर ॲडमिरलचा. त्यांच्या कचेरीतले घड्याळ उलटे फिरे. “आजवर असेच चालत आले आहे” या सबबीचा त्यांना तिटकारा होता, त्याची ती खूण. भाषणाला गेल्या की तारेचे तुकडे वाटीत, प्रत्येक फुटाहून किंचित कमी. सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढीच धावते, असे सांगत. न दिसणारी गोष्ट हातात ठेवण्याची ही हातोटी! १ जानेवारी १९९२ रोजी, ८५ व्या वर्षी, त्या वारल्या. अमेरिकेच्या एका युद्धनौकेला त्यांचे नाव दिले आहे.

आता आपल्यापुरते बोलून संपविते. मागल्या वर्षी एका कचेरीत मी अर्ज भरावयास गेले. पडद्यावर सारे इंग्रजी. मी विचारू लागले तर खिडकीतला मुलगा म्हणाला, “मावशी, घरातल्या कुणाला तरी पाठवा.” पैसे माझे, सही माझी, आणि काम मात्र दुसऱ्याने करावयाचे! आपल्यापैकी कितीजणींना हे ऐकावे लागले असेल! आपल्या बँकेत किती पैसे आहेत हे मुलाला किंवा जावयाला विचारावे लागते, अशा बायका या सभेतही असतील. त्यात त्यांना कमीपणा नाही. परंतु हॉपरबाईंची कथा कळल्यावर मला एवढे उमगले की तो पडदा इंग्रजीतच असला पाहिजे, असा यंत्राचा हट्ट नाही. फ्रेंच चालते, जर्मन चालते, तसे मराठीही चालते. मोबाइलवर आपण मराठी लिहितो, पैसे काढावयाच्या यंत्रावर बहुतेक ठिकाणी मराठीचा पर्याय असतो. तो दाबावयास आपणच लाजतो.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. दर शनिवारी दुपारी एक तास आपण एकत्र बसावे. मंडळातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी शिकवावे आणि आम्ही शिकावे. बँकेतली शिल्लक पाहणे, विजेचे बिल भरणे, सरकारी अर्ज भरणे, एवढे जरी प्रत्येकीला आपल्या हाताने आणि आपल्या भाषेत जमले तरी पुष्कळ झाले. जेथे मराठी नसेल तेथे मंडळाच्या नावाने अर्ज करून मागावी. शिकविणाऱ्या मुलींना मात्र विनंती आहे की आमच्या हातातून मोबाइल ओढून घेऊन “आण, मी करून देते” म्हणू नका. उशीर लागू द्या, आम्हालाच बटणे दाबू द्या.

माझ्या घरचा ओटीवरचा खोलीभर भाग या वर्गासाठी मोकळा आहे. पहिल्या शनिवारी चहा माझ्याकडून.