घरची शाळा आणि गांवची शाळा



जळगांवांतील मेहरूणला माझी बहीण राहते. तिच्या मुलीनें तेराव्या वर्षापर्यंत शाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता. आईबापांनींच तिला घरीं शिकविलें. तलावाकांठीं पक्षी पाहावे, बाजारांत बोरांचा हिशेब करावा, हातीं घेतलेलें पुस्तक संपेपर्यंत खालीं ठेवूं नये, असा तिचा अभ्यासक्रम! गेल्या जूनमध्यें ती प्रथमच एका सार्वजनिक हायस्कुलांत आठवीच्या वर्गांत बसली.

आम्हांस भीति होती ती गणिताची. प्रत्यक्षांत अडचण आली ती घंटेची. उदाहरण रंगांत यावें तोंच घंटा होई आणि वही मिटावी लागे. पाणी पिण्यासही परवानगी कां मागावी, हें तिला उमजेना. पहिल्याच आठवड्यांत तिनें एका तासाला लागोपाठ चार प्रश्न विचारले. मागच्या बाकांवर हंशा पिकला. गुरुजी म्हणाले, "शंका शेवटीं!" त्या दिवसापासून ती गप्प झाली. पुढें एकदां मला म्हणाली, "मामा, तिथं विचारायचं नसतं, नुसतं ऐकायचं असतं." तें वाक्य माझ्या जिव्हारीं लागलें.

घरच्या शिक्षणास कमी लेखण्याचें कारण नाहीं. आनंदीबाई जोशी यांचा विद्याभ्यास बहुतांशीं घरींच, पतीच्या देखरेखीखालीं झाला; तरी १८८३ सालीं त्या फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाल्या आणि १८८६ सालीं डॉक्टर झाल्या. आज तर कायदाही अशा मुलांच्या पाठीशीं आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमान्वयें, सहा वर्षांवरील जें मूल शाळेंत गेलेलें नाहीं, त्यास चौदा वर्षांपर्यंत वयाला साजेशा वर्गांत प्रवेश मिळतो. इतरांच्या बरोबरीस येण्यासाठीं खास प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो. कायदा बाकावर जागा देतो. बाकावरचा सोबती मात्र त्याला देतां येत नाहीं.

तो दिला तिच्या वर्गशिक्षिका बाईंनीं. "तुझे प्रश्न वहींत लिहून ठेव," त्या म्हणाल्या, "शनिवारीं त्यांतला एक आपण वर्गापुढें ठेवूं." पहिला प्रश्न निघाला, "बोरीचें झाड दरवर्षीं छाटतात कां?" बाई स्वतः कांहीं बोलल्या नाहींत. उठला तो मागच्या बाकावरचा, सर्वांत मोठ्यानें हंसलेला मुलगा. त्याच्या घरीं बोरींची बाग होती. "बोर नव्या फुटीवर धरतें," तो म्हणाला, "म्हणून उन्हाळ्यांत झाड छाटावें लागतें." भाचीनें तें उत्तर वहींत उतरून घेतलें, खालीं त्याचें नांव लिहिलें.

पालकांनो, मुलाला शाळेंत धाडण्यापूर्वीं घड्याळाची व चारचौघांत थांबण्याची संवय लावा. आणि गुरुजनहो, तासाचीं शेवटचीं पांच मिनिटें मुलांच्या शंकांसाठीं खरोखरीच राखून ठेवा. "शेवटीं" म्हटलें तर तो शेवट येऊं द्या.

घंटा भाचीला अजूनही आवडत नाहीं. पण सकाळीं मैत्रिणीनें हाक मारण्यापूर्वींच ती दप्तर घेऊन दारांत उभी असते.